तळटीप : ‘बिग-एंडियन’

१२. बिग-एंडियन : जोनाथन स्विफ्टच्या ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’मध्ये (१७२६) अंडे जाड टोकाकडून फोडायचे की निमुळत्या, यावरून रणे पेटतात. डॅनी कोहेन यांनी १९८० साली तेच भांडण संगणकाला चिकटवले : संख्येचा मोठा बाइट आधी मांडायचा की धाकटा? लेखक समजतात तितका हा वाद पोरकट नाही. युनिकोडमध्ये ‘अ’चा क्रमांक, षोडशमान पद्धतीत, ०९०५. यूटीएफ-१६ मध्ये तो दोन्ही प्रकारे साठवता येतो. वाचणाऱ्याने क्रम उलटा धरला, की ०५०९ उरतो, म्हणजे कोमी भाषेसाठी एकेकाळी वापरलेले सिरिलिक अक्षर! म्हणून फाइलीच्या आरंभी क्रमाची खूण घालतात. यूटीएफ-८ मध्ये ‘अ’ तीन बाइट खातो, पण त्यांचा क्रम ठरलेलाच असतो. प्रस्तुत आवृत्तीची जुळणी त्यातच केली आहे. – संपादक