ढग आणि झुडूप

इंजिनिअरिंगला असताना रंगीत फरश्यांची जाळी काढणारा एक प्रोग्रॅम लिहिला होता. ‘टाइल’ नावाचा क्लास, त्यात रंग, आणि ८ बाय ८चा अ‍ॅरे. एक फरशी लाल केली, तर ६४च्या ६४ लाल झाल्या! अ‍ॅरेच्या प्रत्येक घरात मी एकाच ऑब्जेक्टचा पत्ता लिहून ठेवला होता. माझ्याकडून चुकून झालेली ही गोष्ट व्हिडिओ गेमवाल्यांनी कधीकाळी मुद्दाम केली होती.

निन्टेन्डोचा फॅमिकॉम जपानमध्ये १९८३ साली आला. त्याचा पडदा २५६ बाय २४० ठिपक्यांचा. प्रत्येक ठिपक्याला दोनच बिट दिले, तरी १५ किलोबाइट लागणार. पडद्यासाठी मेमरी होती २ किलोबाइट. मग पडद्याच्या ३२ बाय ३० फरश्या पाडल्या. फरशीचं चित्र कार्ट्रिजमध्ये एकदाच साठवायचं आणि पडद्याच्या अ‍ॅरेत फक्त तिचा क्रमांक लिहायचा. घराला एक बाइट, म्हणजे ९६० बाइट. रंगांसाठी वेगळा, ६४ बाइटांचा तक्ता: चार फरश्यांच्या प्रत्येक चौकोनाला चारपैकी कोणता रंगसंच लावायचा, एवढंच त्यात लिहिलेलं. फरशीला स्वतःचा रंग नव्हताच. तो ती बसेल त्या जागेचा होता.

म्हणूनच १९८५च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मधले ढग आणि झुडपं एकाच फरश्यांची आहेत. वर पांढरी, खाली हिरवी. टीव्हीला जोडायच्या नकली यंत्रांवर हा खेळ कितीदा खेळलो, पण हे कधी लक्षात आलं नाही.

पुढे १९९०मध्ये पॉल काल्डर आणि मार्क लिंटन यांच्यासमोर असाच प्रश्न होता. मजकुरातलं प्रत्येक अक्षर ऑब्जेक्ट मानलं, तर मेमरी पुरणार कशी? त्यांनी एकच ऑब्जेक्ट अनेक ठिकाणी वापरलं आणि त्याला ‘फ्लायवेट’ म्हटलं. १९९४च्या ‘डिझाइन पॅटर्न्स’ या पुस्तकाने त्याचा नियम मांडला: सगळीकडे सारखं असतं ते ऑब्जेक्टच्या आत, जागेनुसार बदलतं ते बाहेर.

तेव्हा कळलं, एकच फरशी ६४ ठिकाणी वापरण्यात माझं काहीच चुकलं नव्हतं. चुकलं ते रंग तिच्या आत ठेवण्यात. आज मेमरीची ददात नाही, ६४ वेगळी ऑब्जेक्ट खुशाल करता येतात. तरी क्लास लिहिण्याआधी मी अजून स्वतःला विचारतो: हा गुण फरशीचा, की तिच्या जागेचा?