धुराड्याची दुरुस्ती : चुना, सिमेंट आणि धुराचा इतिहास

पुण्याहून नगरकडे (आताच्या अहिल्यानगरकडे) जाताना वाटेत पारनेर तालुक्यातला सुपा लागतो. एकीकडे औद्योगिक वसाहत, दुसरीकडे कवड्या डोंगरावरच्या पवनचक्क्या. पवनचक्कीला धुराडे लागत नाही. पण माणसाने ज्या दिवशी चूल पेटवली त्या दिवसापासून अगदी अलीकडेपर्यंत ऊर्जा आणि धूर या दोन गोष्टी एकत्रच आल्या. मग धूर न्यायचा कसा, हा प्रश्न आला, धुराडे आले, आणि धुराडे म्हातारे झाले की ते दुरुस्त कसे करायचे, हा प्रश्नही आला. शेवटचा प्रश्न वरवर गवंड्याचा वाटतो. प्रत्यक्षात त्यात भौतिकशास्त्र आहे, रसायनशास्त्र आहे आणि माणसांच्या जिवाचा प्रश्नही आहे.

आपल्याकडच्या जुन्या घरांत विटांचे उंच धुराडे क्वचितच असे. स्वयंपाकघराच्या छपरात कौले थोडी उचलून ठेवलेली फट किंवा लहानसा उंचवटा, एवढेच आपले धुराडे. हवा उबदार, घर कौलारू, थंडी थोडे दिवस. त्यामुळे धूर आपला आपण वाट शोधून जाई. धुराने काळ्या पडलेल्या वाशांना कीड कमी लागते, असेही लोक म्हणत. मात्र या सोयीची किंमत चुलीपुढे बसणाऱ्या बाईच्या डोळ्यांनी आणि फुप्फुसांनी मोजली. म्हणूनच वर्ध्याच्या मगनवाडीत धुराडे असलेली ‘मगन चूल’ तयार झाली आणि १९८० च्या दशकात सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम आला. त्या चुली अनेक घरांतून पुढे गायब झाल्या. त्याचे एक कारण साधे होते. धुराड्यात काजळी साचली, नळ फुटला, आणि साफसफाई व दुरुस्ती कोणी करायची, हे ठरलेलेच नव्हते. धूर पुन्हा घरात आला.

धुराडे चालते कसे? त्यात हलणारा एकही भाग नाही. ‘गरम हवा हलकी असते म्हणून वर जाते’ एवढ्यावर आपण वर्गात थांबतो. थोडा हिशेब करून पाहू. बाहेरची हवा ३० अंश सेल्सिअस असेल तर तिच्या एका घनमीटरचे वस्तुमान सुमारे १.१६ किलोग्रॅम असते. धुराड्यातला वायू २०० अंशांचा असेल तर ते सुमारे ०.७५ किलोग्रॅम भरते. म्हणजे प्रत्येक घनमीटरमागे ०.४ किलोग्रॅमचा फरक. धुराडे ६० मीटर उंच असेल तर तळाशी सुमारे २५० पास्कल, म्हणजे २५ मिलिमीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका दाबफरक निर्माण होतो. हीच धुराड्याची ‘ओढ’. याउलट घरातले धुराडे ६ मीटरचे आणि आतला वायू १३० अंशांचा धरला, तर ओढ जेमतेम १७ पास्कल, म्हणजे पाण्याच्या दोन मिलिमीटरांहूनही कमी. इतक्या नाजूक ओढीला विटांमधली एखादी भेगसुद्धा पुरते. भेगेतून थंड हवा आत शिरली की आतला वायू थंड होतो, ओढ मंदावते आणि धूर खोलीत उलटतो. भेग बुजवणे म्हणजे केवळ भिंत सावरणे नव्हे. ते यंत्र दुरुस्त करणेच आहे.

शहरांतल्या विटांच्या धुराड्यांचा इतिहास थंड देशांत घडला. १६६६ च्या आगीत लंडन शहराचा मोठा भाग जळाला आणि पुढच्याच वर्षी नवी घरे विटांची किंवा दगडाचीच बांधावीत असा कायदा झाला. घराघरांत कोळसा जळू लागला. एकेका इमारतीत खोलीगणिक एक धूरनळी आणि छतावर त्या सगळ्या नळ्यांचा एकत्र जुडगा, अशी रचना रूढ झाली. या अरुंद, वाकड्या नळ्यांतली काजळी खरवडायला लहान मुलांना आत चढवत. १७७५ मध्ये पर्सिव्हल पॉट या शल्यविशारदाने दाखवून दिले, की धुराडी साफ करणाऱ्यांना अंडकोशाच्या त्वचेचा जो कर्करोग होतो त्याचा संबंध काजळीशी आहे. व्यवसायातल्या एखाद्या पदार्थामुळे कर्करोग होतो, हे दाखवणारे हे पहिले निरीक्षण मानतात. तरीही मुलांना धुराड्यात चढवणे खऱ्या अर्थाने बंद व्हायला १८७५ चा कायदा यावा लागला. निरीक्षणापासून कायद्याच्या अंमलापर्यंत शंभर वर्षे गेली, हे विद्यार्थ्यांना जरूर सांगावे.

महाराष्ट्रात विटांचे उंच धुराडे आले ते गिरण्यांबरोबर. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेली ताडदेवची कापडगिरणी १८५६ मध्ये सुरू झाली आणि पुढच्या काही दशकांत परळ, लालबाग, भायखळा या भागाचे ‘गिरणगाव’ झाले. वाफेचे इंजिन म्हणजे बाष्पक, आणि बाष्पक म्हणजे धुराडे. १९१५ मध्ये खोपोलीच्या टाटा जलविद्युत केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली आणि वाफेचे राज्य हळूहळू ओसरू लागले. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या संपानंतर अनेक गिरण्या थंडावल्या. पुढे बरीच धुराडी पाडली गेली. थोडी उभी राहिली. लोअर परळच्या फिनिक्स गिरणीचे धुराडे आज दुकानांच्या गर्दीत उभे आहे. त्यातून धूर निघत नाही, पण ऊन, वारा आणि पाऊस यांच्याशी त्याचा व्यवहार चालूच आहे.

आता विटांना धरून ठेवणाऱ्या मालाकडे वळू. भारतात सिमेंट बनवण्याचा प्रयत्न १९०४ मध्ये मद्रासला झाला आणि १९१४ च्या सुमारास पोरबंदरला नियमित उत्पादन सुरू झाले. त्यामुळे एकोणिसाव्या शतकातले आपल्याकडचे वीटकाम मुख्यतः चुन्यातले आहे. चुना म्हणजे काय? चुनखडी सुमारे ९०० अंशांना भाजली की कर्बद्विप्राणील वायू निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. १०० किलो शुद्ध चुनखडीतून ५६ किलो कळीचा चुना मिळतो आणि ४४ किलो वायू हवेत जातो. कळीच्या चुन्यात पाणी घातले की तो फणफणतो, फुगतो आणि विरतो. हा विरलेला चुना वाळू किंवा सुरखी (विटांची भुकटी) घालून बैलाच्या घाणीत मळत. भिंतीत गेल्यावर तो हवेतून तोच वायू हळूहळू परत घेतो आणि पुन्हा चुनखडी होतो. दगडापासून निघून दगडापाशी परत, असे हे चक्र आहे.

सुप्याच्या परिसरासारख्या दख्खनी मुलखात काळ्या मातीत आणि ओढ्यांच्या काठी चुनखडीचे ओबडधोबड खडे सापडतात. त्यांनाच कंकर म्हणतात. त्यांत चुन्याबरोबर मातीचाही अंश असतो आणि म्हणून कंकराचा चुना ओलाव्यातसुद्धा घट्ट होतो. इंग्लंडमध्ये समुद्रातल्या खडकावर एडिस्टनचे दीपगृह बांधायचे होते, तेव्हा जॉन स्मीटनने १७५६ मध्ये प्रयोग करून हेच ओळखले : ज्या चुनखडीत चिकणमाती असते तिचाच चुना पाण्याखाली टिकतो. या शोधाच्या वाटेवर पुढे १८२४ मध्ये जोसेफ ॲस्पडिनने ‘पोर्टलंड सिमेंट’चे पेटंट घेतले. आपल्या गवंड्यांनी या गुणाचे कारण लिहून ठेवले नसेल, पण कोणता खडा कोठे वापरायचा हे ते अनुभवाने जाणत होते. नगर परिसरातल्या निजामशाही इमारती चुन्याच्याच बळावर चार शतके उभ्या आहेत.

धुराडे म्हातारे होते ते चार बाजूंनी. पहिली गोष्ट तापमानाची. भिंतीचे सरासरी तापमान ५० अंशांनी वाढले तर ६० मीटर उंचीचे वीटकाम सुमारे १८ मिलिमीटरने वाढते आणि थंड झाल्यावर पुन्हा आखडते. भट्टी रोज पेटत-विझत असेल तर हे रोज घडते. दुसरी गोष्ट गंधकाची. कोळशातल्या गंधकाचा वायू होतो, तो ओलाव्यात मिसळून आम्ल बनते. हे आम्ल चुन्याचे जिप्सम करते आणि सिमेंटमधल्या ॲल्युमिनाच्या संयुगांबरोबर त्यापासून फुगणारे स्फटिक तयार होतात. ज्या बाजूवर पावसाचा मारा जास्त ती बाजू अधिक काळ ओली राहते, तिथल्या दरजा अधिक फुगतात आणि धुराडे हळूहळू कोरड्या बाजूकडे झुकते. मुंबईत पावसाचा मारा पश्चिम आणि नैर्ऋत्येकडून असतो, हे लक्षात घेऊन ओळंबा लावावा. तिसरी गोष्ट लोखंडाची. भोवती आवळलेले पट्टे गंजतात. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि भिंतीत रुतलेला पट्टा विटांनाच फोडतो. चौथी गोष्ट खाऱ्या हवेची. विटेत शिरलेले क्षार सुकताना स्फटिक होतात आणि विटेचे पोपडे पडतात.

इथेच दुरुस्तीची नेहमीची चूक होते. दरजा झिजलेल्या दिसल्या की वरून सिमेंटचा कडक माल थापायचा. दिसायला काम पक्के दिसते. पण जुनी वीट मऊ, आतला चुना त्याहून मऊ, आणि वरचा थर मात्र कठीण आणि पाणी अडवणारा. भिंत हलली की ताण दरजेत न जिरता विटेवर येतो. आत शिरलेल्या पाण्याला दरजेतून बाहेर पडता येत नाही, म्हणून ते विटेतून बाहेर पडते आणि क्षारही विटेतच सोडते. काही वर्षांनी सिमेंटच्या रेघा जशाच्या तशा राहतात आणि मधल्या विटा खोल झिजलेल्या दिसतात. जुन्या बांधकामात दरज ही विटेपेक्षा दुबळीच असली पाहिजे. तिने झिजायचे आणि विटेला वाचवायचे. झिजलेली दरज पुन्हा भरता येते, वीट मात्र सहज बदलता येत नाही.

म्हणून दुरुस्तीचा क्रम असा : आधी ओळंब्याने झुकाव मोजायचा आणि भेगा वाढताहेत का, हे पाहायचे, सैल माल हाताने, छिन्नीचा हलका वापर करून काढायचा, दरजा ओल्या करून मूळच्या जातीच्या चुन्याने थोड्या थोड्या भरायच्या आणि त्या काही दिवस ओलसर ठेवायच्या, माथ्यावर पाणी आत जाणार नाही असा उतार द्यायचा, गंजलेले पट्टे बदलायचे, विजेच्या निवारकाची तार जमिनीपर्यंत अखंड आहे ना, ते तपासायचे. सिमेंट वाईट आहे, असा याचा अर्थ नाही. नव्या काँक्रीटच्या धुराड्याला ते हवेच. प्रश्न चांगल्या-वाईटाचा नसून जोडीचा आहे.

या इतिहासातला सर्वांत कमी माहीत असलेला धडा इंधनबदलाचा. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर धुराचे दाट धुके पाच दिवस साचले आणि हजारो माणसे दगावली. १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा आला आणि घरांतला कोळसा जाऊन गॅस आला. हवा सुधारली, पण जुन्या धूरनळ्या आतून ओल्या होऊ लागल्या. कारण सोपे आहे. मिथेनचा एक किलो जळला की सव्वादोन किलो पाणी तयार होते. गॅसच्या उपकरणातून निघणारा वायू कोळशाच्या धुरापेक्षा थंड असेल, तर तो मोठ्या जुन्या नळीत सावकाश वर चढताना आणखी निवतो आणि ५५ ते ६० अंशांच्या खाली गेला की त्यातली वाफ भिंतीवर पाणी होऊन उतरते. जुनी काजळी आणि गंधक त्यात विरघळून आम्ल बनते आणि विटा आतून खाल्ल्या जातात. यावर उपाय म्हणून नळीच्या आत योग्य मापाची, आम्लाला दाद न देणारी दुसरी नळी सोडण्याची पद्धत आली.

हा धडा आपल्याला आज उपयोगी आहे. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांनी सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळावे, असे निर्देश दिले. हवेच्या दृष्टीने हे योग्यच आहे. पण अशा अनेक भट्ट्या जुन्या इमारतींच्या तळमजल्यावर आहेत आणि वर माणसे राहतात. भट्टी बदलताना धुराड्याचा विचार झाला नाही तर दोन धोके संभवतात : गॅस जोडला आणि नळी तीच राहिली तर आतून ओल, विजेची भट्टी घेतली आणि धुराडे सोडून दिले तर कोणाचेच लक्ष नसलेला विटांचा मनोरा. न वापरायचे धुराडे तोंडाशी झाकावे, पण खाली-वर हवेला वाट ठेवावी; नाहीतर ते आतून कुजते. मुंबईत सप्टेंबर १९६९ पूर्वीच्या सुमारे १९,६०० उपकरप्राप्त इमारतींची नोंद झाली होती. त्यांच्या दुरुस्तीसाठी स्वतंत्र मंडळ आहे. अशा इमारतींत भिंतीचा प्रत्येक भाग कोणाच्या तरी डोक्यावर असतो.

शाळेत काय करता येईल? चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर घालून ती दुधाळ होते, हा प्रयोग आपण करतोच. ‘भिंत अशीच घट्ट होते’ हे वाक्य त्याला जोडावे. पेटत्या मेणबत्तीवर, खालून हवा जाईल अशी ठेवून, आधी आखूड आणि मग लांब पत्र्याची नळी धरावी आणि उदबत्तीचा धूर किती वेगाने ओढला जातो ते पाहावे. गावातल्या जुन्या वाड्याच्या किंवा वेशीच्या भिंतीवर, जमिनीवर उभे राहूनच, चुन्याच्या आणि सिमेंटच्या दरजांवर पाण्याचा थेंब सोडून कोणती आधी पाणी पिते ते नोंदवावे. आणि गावात चुन्यात काम केलेला एखादा वयस्क गवंडी असेल तर त्याला वर्गात बोलवावे. माल किती दिवस मुरवायचा, तो तयार झाला हे कसे ओळखायचे, हे त्याच्याकडून मुलांनी लिहून घ्यावे. ही माहिती त्याच्या हातात आहे, आणि ती पुस्तकात यायला अजून वेळ गेलेला नाही.