रुबेलचं झुडूप

शेणखत टाका, चुना घाला, पाण्याची पाळी चुकवू नका, की झाड सुखावतं. कसलेल्या माळ्याचा हा हिशेब अमेरिकेतल्या ब्लूबेरीनं कित्येक वर्षं चुकवला. रानात लगडून फळणारं हे झुडूप बागेत आणलं, की खुरटायचं. त्यामुळे विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत उंच ब्लूबेरी रानातूनच तोडून आणावी लागे.

कृषी खात्यातले वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कॉव्हिल यांनी १९०६पासून प्रयोग सुरू केले आणि १९१०मध्ये निष्कर्ष छापले. या झुडपाला आम्लधर्मी माती हवी. चुना आणि भरखत हेच त्याचं दुखणं. थंडीचीही गोष्ट अशीच. हरितगृहाच्या उबेत जपलेली रोपं वसंत आला तरी झोपलेलीच राहिली. हिवाळा सोसल्याशिवाय त्यांचे डोळे नीट फुटेनात.

न्यू जर्सीतल्या व्हाइट्सबॉगच्या एलिझाबेथ व्हाइट यांनी १९११मध्ये ते वाचलं. त्यांच्या वडिलांचा क्रॅनबेरीचा मळा होता आणि आजूबाजूला पाइन बॅरन्सची रेताड, आम्लधर्मी जमीन. इतर बहुतेक पिकांना नकोशी असलेली ही माती ब्लूबेरीसाठी मात्र घरची होती. व्हाइट यांनी कॉव्हिलना पत्र लिहिलं, जमीन देऊ केली.

पण लावायचं कोणतं झुडूप? बीपासून आलेलं रोप आईवर जाईलच असं नाही, म्हणून निवडक झुडपांचीच कलमं करायची होती. त्यांचा ठावठिकाणा ठाऊक होता तो रान तुडवणाऱ्या माणसांना. व्हाइट यांनी त्यांच्या हाती भोक पाडलेली मापपट्टी दिली. भोक पाऊण इंचाहून थोडं लहान, पाच अष्टमांश इंचाचं. त्यातून न जाणारं फळ ज्या झुडपावर दिसेल, त्याचे पैसे मिळत आणि झुडपाला शोधणाऱ्याचं नाव. रुब लीक यांच्या झुडपापाशी जरा अडलं. ‘रुब’ म्हणजे गावंढळ, ‘लीक’ म्हणजे कांद्याच्या जातीतली भाजी! शेवटी ‘रुब’ला ‘लीक’मधला ‘ल’ जोडून ‘रुबेल’ झालं.

काड्यांना मुळं फुटवणं सोपं नव्हतं. त्यात बरेच प्रयत्न खर्ची पडले. तरी १९१६मध्ये व्हाइट्सबॉगचा माल बाजारात गेला. दरम्यान एझिकिएल सूय यांनी शोधलेल्या ‘सूय’चा न्यू हॅम्पशरच्या ‘ब्रुक्स’ या रानझुडपाशी संकर झाला आणि ‘पायोनियर’ वाण जन्मला.

‘रुबेल’ मात्र संकराशिवाय, रानातल्यासारखाच राहिला. मोठ्या फळासाठी निवडलेला हा वाण आजही लावला जातो. फक्त नव्या टपोऱ्या वाणांपुढे त्याचं फळ आता लहान गणलं जातं.