पसाभर गहू आणि मनाची जखम

यवतमाळ जिल्ह्यातील राळेगाव तालुक्यात रावेरी नावाचे गाव आहे. तिथे सीतेचे मंदिर आहे आणि गाभाऱ्यात सीता एकटीच आहे. शेजारी राम नाही, लक्ष्मणही नाही. लोककथा सांगते, की रामाने त्यागलेली गरोदर सीता या रानात राहिली आणि लव-कुशांचा जन्म इथेच झाला. बाळंतपणात तिने गावाकडे पसाभर गहू मागितले. ते कोणी दिले नाहीत. तेव्हा 'या शिवारात गहू पिकणार नाही' असा शाप तिने दिला. संकरित बियाणे येईपर्यंत रावेरीत गहू होत नव्हता, असे गावकरी आजही सांगतात.

या कथेतली एक गोष्ट सहसा निसटते. सीतेला दोन घाव बसले आहेत. पहिला नवऱ्याने टाकल्याचा, दुसरा शेजाऱ्याने नाकारल्याचा. शाप मात्र तिने रामाला दिलेला नाही, गावाला दिला आहे. पहिला घाव तिने सोसला. दुसऱ्याने जमीन नापीक केली. पुराणकथा आणि लोककथा ही समूहाच्या अबोध मनाची भाषा असते, असे कार्ल युंग मानत असे. त्या अंगाने पाहिले तर रावेरीची कथा मनाच्या जखमेचा एक नियम सांगते : दुःखाने माणूस वाकतो, पण त्या दुःखाला दारातून परत पाठवले की ते आत रुजते. हे सांगणारी कथा ज्या गावाने गहू नाकारले त्याच गावाने जपली, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे.

मन आणि शरीर यांचे नाते आपल्याला पश्चिमेने शिकवले असे नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात श्रेष्ठ गोष्टींची एक यादी आहे. तिथे रोग वाढवणाऱ्या गोष्टींत विषादाला अग्रस्थान दिले आहे. आधुनिक मनोविश्लेषणाची सुरुवातही शोकाने आजारी पडलेल्या एका शरीरापासून झाली. 1880 साली व्हिएन्नात बेर्था पापेनहाइम ही तरुणी वडिलांच्या आजारपणात रात्रंदिवस शुश्रूषा करत होती. तिचा उजवा हात लुळा पडला, मातृभाषा जर्मन असूनही ती बोलता येईना. डॉ. ब्रॉयर रोज तिच्याजवळ बसून ऐकत. या 'बोलण्याच्या उपचाराला' नाव तिनेच दिले. ब्रॉयर आणि फ्रॉइड यांनी 1895 मध्ये 'ॲना ओ.' या टोपणनावाने तिची हकीकत प्रसिद्ध केली. पुढे 1917 च्या निबंधात फ्रॉइडने शोक आणि विषाद यांतला भेद मांडला. शोकात जग रिकामे वाटते, विषादात माणूस स्वतःच रिकामा होतो, स्वतःलाच दोषी धरतो. शोक हे मनाचे काम आहे आणि त्याला वेळ लागतो.

यवतमाळच्या इतिहासाला हा भेद लावून पाहू. 19 मार्च 1986 रोजी महागाव तालुक्यातील चिलगव्हाणचे साहेबराव करपे यांचा पत्नी मालती आणि चार मुलांसह वर्ध्याजवळ दत्तपूर येथे अंत झाला. करपे गावचे सरपंच राहिलेले होते, त्यांना गाण्याची आवड होती. शेतीवर जगणे अशक्य झाल्याचे त्यांनी चिठ्ठीत लिहून ठेवले होते. महाराष्ट्रातली ही पहिली जाहीर नोंद झालेली शेतकरी आत्महत्या मानली जाते. त्या दिवशी सामूहिक अन्नत्याग करण्याची प्रथा किसानपुत्र आंदोलनाचे अमर हबीब यांनी सुरू केली, ती 2017 मध्ये. त्या मृत्यूंना सार्वजनिक सुतक मिळायला एकतीस वर्षे लागली.

दरम्यान शासनाने मदत सुरू केली होती. मृताच्या कुटुंबाला एक लाख रुपये : तीस हजार हाती, सत्तर हजार ठेव म्हणून. पण त्याआधी प्रकरण 'पात्र' की 'अपात्र' हे ठरते. शेती स्वतःच्या किंवा कुटुंबीयाच्या नावावर हवी. कर्ज बँकेचे, सहकारी संस्थेचे किंवा परवानाधारक सावकाराचे हवे. ते थकलेले हवे. पाहुण्यांकडून किंवा विनापरवाना सावकाराकडून घेतलेले कर्ज या चौकटीत बसत नाही. मदतीला निकष लागणारच. पण 'अपात्र' हा शब्द घरात पोचतो तेव्हा तो कर्जापुरता उरत नाही. तुमचा माणूस ज्या कारणाने गेला ते कारणच नव्हते, असा त्याचा अर्थ मागे राहिलेली बाई लावते. हीच रावेरीची दुसरी जखम.

शोकाला लागणारा वेळ या बाईला मिळत नाही. तेरवी उरकली की पेरणी असते, बँकेचा माणूस असतो, सातबाऱ्यावर नाव कोणाचे हा प्रश्न असतो. न बोललेले मग अंगावर निघते : छातीत धडधड, झोप नाही, हातापायांत बळ नाही. दवाखान्यात ती 'टेन्शन' एवढेच सांगते आणि गोळ्या घेऊन परत येते. शरद जोशींनी या जखमेची मालकी हक्काची बाजू फार आधी ओळखली होती. शेतकरी संघटनेच्या 'लक्ष्मीमुक्ती' मोहिमेत नवऱ्यांनी जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करावा, असा आग्रह होता. रावेरीच्या मंदिराच्या जीर्णोद्धाराला त्यांनीच हात घातला, याला योगायोग म्हणता येणार नाही.

पुढे या बायकाच बोलू लागल्या. श्याम पेठकर यांनी लिहिलेले आणि हरीश इथापे यांनी दिग्दर्शित केलेले 'तेरवं' हे नाटक शेतकऱ्यांच्या विधवांनीच रंगभूमीवर आणले. त्यातल्या एक वैशाली येडे, कळंब तालुक्यातील राजूरच्या. जानेवारी 2019 मध्ये यवतमाळला 92 वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. नयनतारा सहगल यांचे निमंत्रण रद्द झाल्याने वाद पेटला होता. अखेर उद्घाटन येडे यांच्या हस्ते झाले आणि आपले दुःख त्यांनी कोणाची दया न मागता सांगितले. युंगने 'जखमी वैद्या'ची कल्पना मांडली आहे : ज्याची स्वतःची जखम उघडी आहे, तोच दुसऱ्याची जाणतो. मंचावरच्या त्या बायका प्रेक्षकांतल्या बायकांसाठी असेच काही करत होत्या.

गावपातळीवर ऐकणारे माणूस असले तर काय होते, याचा पुरावाही विदर्भातच आहे. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात तीस गावांत 'विश्राम' हा उपक्रम राबवला गेला, त्याचे निष्कर्ष 2017 मध्ये प्रसिद्ध झाले. नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोचणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेले. आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचे प्रमाणही घटले. शासनाच्या 'प्रेरणा' प्रकल्पात आशाताई घरोघरी जाऊन मनाची विचारपूस करतात, ती याच वाटेने.

तरी एक सावधगिरी हवी. ब्रॉयरने ॲना ओ. बरी झाल्याचे लिहिले, पण उपचार संपल्यावर तिला आरोग्यधामात ठेवावे लागले होते. ती उभी राहिली ती पुढे अनाथ मुली आणि फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी काम करताना. 1904 मध्ये तिने ज्यू स्त्रियांची संघटना स्थापली. नुसते ऐकून घेतल्याने कापसाला भाव मिळत नाही आणि सातबाऱ्यावर नाव चढत नाही. शेतकऱ्याच्या मरणाला 'नैराश्य' म्हणून मोकळे होणे हीसुद्धा जखम नाकारण्याचीच एक रीत आहे. सीतेने सांत्वन मागितले नव्हते, गहू मागितले होते. पण ते मागताना तिचे म्हणणे कोणीतरी दारात उभे राहून ऐकायला हवे होते, आणि मग आत जाऊन पसाभर गहू आणायला हवे होते. आजच्या यवतमाळच्या घराघरांत ही दोन्ही कामे एकाच वेळी बाकी आहेत.