पडद्यापलीकडचा रुग्ण : बोस्टन, १९६८

#इतिहास #थ्रेड

१/ रुग्ण विमानतळावर, डॉक्टर शहरातील रुग्णालयात आणि मधे बंदराखालून जाणारा, वाहनांनी तुंबलेला बोगदा. व्हिडिओद्वारे वैद्यकीय सल्ला देण्याच्या इतिहासातील एक महत्त्वाचे प्रकरण अमेरिकेतील बोस्टन शहराच्या या अडचणीतून घडले.

२/ कल्पना मात्र त्याहून जुनी. नेब्रास्का राज्यात डॉ. सेसिल विट्सन यांनी १९५९ च्या सुमारास मानसोपचारासाठी दुहेरी दूरचित्रवाणीचा प्रयोग केला. १९६४ मध्ये सुमारे १८० किलोमीटरवरील नॉरफोक येथील मनोरुग्णालय या यंत्रणेला जोडले गेले. मानसोपचाराचा बराचसा आधार संवाद हाच असतो. शरीराची तपासणी दुरून होऊ शकेल का, हा प्रश्न अनुत्तरितच होता.

३/ ऑक्टोबर १९६० मध्ये बोस्टनच्या लोगन विमानतळावरून उडालेल्या विमानाच्या इंजिनांत पक्ष्यांचा थवा शिरला. विमान पाण्यात कोसळून ६२ जण मृत्युमुखी पडले. पुढे १९६३ मध्ये मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलने विमानतळावर वैद्यकीय केंद्र उघडले.

४/ केंद्रात परिचारिका अहोरात्र असत. डॉक्टर मात्र गर्दीच्या मोजक्या तासांपुरते. केंद्राची धुरा वाहणाऱ्या डॉ. केनेथ बर्ड यांनी १९६८ मध्ये रुग्णालय आणि विमानतळ यांमधील चार-साडेचार किलोमीटरचे अंतर सूक्ष्मलहरींनी (मायक्रोवेव्ह) सांधले. चित्र व आवाज दोन्ही दिशांनी जाऊ लागले.

५/ या रचनेतील कळीची गोष्ट म्हणजे विमानतळावरील कॅमेऱ्याचे नियंत्रण रुग्णालयातील डॉक्टरांकडे होते. कोठे पाहायचे, किती जवळून पाहायचे, हे तेच ठरवीत. तपासणारी नजर नेहमी काहीतरी शोधत असते. दुसऱ्याने दाखवलेल्या दृश्यावर तिचे भागत नाही.

६/ केवळ चेहरा दिसून निदान होत नाही. म्हणून इलेक्ट्रॉनिक स्टेथोस्कोपने हृदयाचे ठोके पाठवले जात. क्ष-किरण चित्रे व सूक्ष्मदर्शकाखालील काचपट्ट्याही कॅमेऱ्यासमोर ठेवल्या जात.

७/ चित्र मात्र कृष्णधवल होते. मग त्वचारोगाचे काय? ही शंका बर्ड व सहकाऱ्यांनी टाळली नाही. त्वचेचे निदान दूरचित्रवाणीवरून किती अचूक होते, याची स्वतंत्र चाचणी त्यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केली. १९७४ मध्ये १००० रुग्णांच्या अनुभवावरून ही पद्धत व्यवहार्य असल्याचा निष्कर्ष रेमंड मर्फी आणि बर्ड यांनी मांडला.

८/ या यशात परिचारिकेचा वाटा मोठा होता. पोट दाबून पाहणे, स्टेथोस्कोप योग्य जागी टेकवणे, घाबरलेल्या प्रवाशाला धीर देणे ही कामे कोणत्याही लहरीवरून पाठवता येत नव्हती. डॉक्टरांची नजर दूर होती. हात मात्र तिचे होते.

९/ तरीही ही लाट टिकली नाही. उपकरणे महाग होती आणि प्रकल्प सरकारी अनुदानावर उभे होते. अनुदान आटले तसे त्या काळातील बहुतेक अमेरिकी प्रकल्प बंद पडले. तंत्र सिद्ध झाले होते. रोजचा खर्च कोणी उचलायचा, हे ठरले नव्हते.

१०/ भारतात २५ मार्च २०२० रोजी दूरवैद्यक सेवेची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर झाली. रुग्णाजवळ आरोग्यसेवक आणि दूर डॉक्टर, ही रचना त्यांतही मान्य आहे. आज कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे. पण तो रुग्णाच्याच हातात असल्याने डॉक्टरांना पुन्हा ‘जरा उजेडात धरा’ असे सांगावे लागते. खेड्यातील उपकेंद्रात रुग्णाशेजारी प्रशिक्षित माणूस असावा की नुसता पडदा पुरे, या आजच्या प्रश्नाचे एक उत्तर लोगनच्या त्या खोलीत मिळाले होते.