कठीण शब्दांच्या कोशाची कुळकथा

इंग्रजी शब्दांचे अर्थ इंग्रजीतच देणारा पहिला स्वतंत्र कोश १६०४ साली लंडनमध्ये निघाला. त्यात शब्द होते अडीच हजारांच्या आसपास, आणि तेही निवडून घेतलेले कठीण. रोजचे शब्द सर्वांना येतातच, त्यांचे अर्थ कशाला द्यायचे, असा रोकडा हिशेब होता.

अशा कोशाची गरज सोळाव्या शतकाने निर्माण केली. पंडित मंडळी लॅटिन, ग्रीक आणि फ्रेंचमधून शब्द आणून इंग्रजीत ओतत होती. शाई तेव्हा शिंगात ठेवत, म्हणून विरोधक या शब्दांना ‘शिंगाच्या दौतीतले शब्द’ म्हणून हिणवत. टॉमस विल्सनने १५५३ च्या वक्तृत्वशास्त्रावरील ग्रंथात अशा शब्दांनी ठासून भरलेले एक थट्टेचे पत्रच दिले. त्यातला ‘इंजेंट’ म्हणजे ‘प्रचंड’ हा शब्द पुढे लोपला. ‘डेक्स्टेरिटी’, ‘मंडेन’ टिकले, आणि ‘सेलिब्रेट’ तर आज मराठी घरांतही सर्रास ऐकू येतो. जॉन चीकने दुसरे टोक गाठले. बायबलच्या भाषांतरात रोमन ‘सेंच्युरियन’साठी त्याने ‘हंड्रेडर’ हा देशी शब्द घडवला. तो कोणी उचलला नाही.

१६०४ चा कोशकार रॉबर्ट कॉड्री हा शाळामास्तर आणि चर्चच्या रीतींशी न पटल्याने पद गमावलेला धर्मोपदेशक. ‘अ टेबल अल्फाबेटिकल’ रचताना त्याने एडमंड कूटच्या १५९६ च्या शालेय पुस्तकातली शब्दयादी बरीचशी उचलली. स्त्रिया आणि इतर अनभिज्ञ वाचकांसाठी हा कोश असल्याचे शीर्षकपृष्ठावरच छापले होते. अर्थ बहुधा एक-दोन शब्दांत उरकलेले. फ्रेंच आणि ग्रीक शब्दांना वेगळ्या खुणा. वर्णानुक्रम वाचकांच्या अंगवळणी पडलेला नव्हता, त्यामुळे ‘ए’ने सुरू होणारा शब्द आरंभी शोधावा, हेही त्याला प्रस्तावनेत समजावून सांगावे लागले.

१६२३ मध्ये हेन्री कॉकेरमने खरी मेख ओळखली. त्याच्या कोशाच्या एका भागात साधा शब्द देऊन त्याचा भारदस्त पर्याय सांगितलेला होता. वाचकाला कठीण शब्द समजायला तर हवेच होते, शिवाय चारचौघांत वापरायलाही हवे होते.

साध्या शब्दांना कोशात मुबलक जागा मिळाली ती १७०२ मध्ये, जे. के. या आद्याक्षरांनी निघालेल्या कोशात. कॉड्रीच्या पहिल्या आवृत्तीची एकच प्रत आज शिल्लक आहे. ती ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे.