ऊर्जा, उलाढाल आणि नफा : भारतीय कंपन्यांच्या शाश्वतता अहवालाचा इतिहास (१९७०–२०२५)

प्रस्तावना

एखाद्या मोठ्या सूचिबद्ध कंपनीचा वार्षिक अहवाल आज उघडला, तर वीज, पाणी, घनकचरा, कामगारांची सुरक्षितता यांविषयीचा मजकूर अनेकदा ताळेबंदाच्या बरोबरीने जागा व्यापतो. या मजकुराचा कंपनीच्या नफ्याशी नेमका संबंध काय, हा प्रश्न वाणिज्य आणि व्यवस्थापन शाखांतील संशोधक गेली पन्नास वर्षे विचारत आले आहेत. त्याचे उत्तर बहुधा सहसंबंध गुणकात शोधले जाते. प्रस्तुत लेखात मात्र याच प्रश्नाकडे इतिहासाच्या अंगाने पाहण्याचा प्रयत्न केला आहे. कंपनीकडे ही माहिती कोणी मागितली, कोणत्या नमुन्यात मागितली आणि भरलेला कागद अखेर कोणाच्या टेबलावर गेला, यावरच ती माहिती ताळेबंदाशी जोडता येईल की नाही हे ठरत आले आहे. शाश्वतता अहवाल ही परदेशातून अलीकडे आलेली कल्पना आहे, असा समज आपल्याकडे सर्रास आढळतो. वस्तुतः ऊर्जा आणि रुपये यांचे आकडे एकाच तक्त्यात मांडण्याची सक्ती भारतीय कायद्याने १९८८ मध्येच केली होती. ती पुढे कायद्यानेच काढून टाकली.

जमशेदपूरचे लेखापरीक्षण

या इतिहासाचा आरंभ १९७० पासून धरणे सोयीचे आहे. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये मिल्टन फ्रीडमन यांनी न्यूयॉर्क टाइम्सच्या नियतकालिकात नफा वाढविणे हीच उद्योगाची सामाजिक जबाबदारी होय, असे प्रतिपादन केले. त्याच वर्षी टाटा आयर्न अँड स्टील कंपनीने आपल्या नियमावलीत दुरुस्ती करून ग्राहक, कामगार, भागधारक, समाज आणि स्थानिक जनता यांच्याविषयीची सामाजिक व नैतिक जबाबदारी लेखी स्वरूपात मान्य केली. या दोन घटनांचा परस्परांशी संबंध नव्हता. परंतु पुढील सर्व वादाच्या दोन बाजू त्यांत स्पष्ट दिसतात.

नियमावलीतील या कलमाचे पालन कितपत झाले हे तपासण्यासाठी कंपनीने पुढे एक समिती नेमली. मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती एस. पी. कोतवाल हे तिचे अध्यक्ष होते. राज्यशास्त्रज्ञ रजनी कोठारी आणि अहमदाबादचे माजी खासदार प्रा. पु. ग. मावळंकर हे सदस्य होते. लोकसभेचे पहिले सभापती दादासाहेब मावळंकर यांचे हे चिरंजीव. समितीचा अहवाल १९८० मध्ये आला. भारतातील खाजगी उद्योगाचे हे पहिले सामाजिक लेखापरीक्षण म्हणून ओळखले जाते. तत्पूर्वी जनता सरकारच्या काळात पोलाद उद्योगाच्या राष्ट्रीयीकरणाची चर्चा झाली होती, ही पार्श्वभूमी अभ्यासकाने दृष्टीआड करू नये. खाजगी मालकीच्या कारखान्याला आपली समाजोपयोगिता सिद्ध करून दाखविण्याची गरज तेव्हा आजच्याहून कितीतरी निकडीची होती.

एका तपशिलाकडे मात्र सहसा लक्ष दिले जात नाही. या लेखापरीक्षण समितीत एक न्यायमूर्ती आणि दोन राज्यशास्त्रज्ञ होते. व्यवसायाने लेखापाल असलेली व्यक्ती एकही नव्हती. 'लेखापरीक्षण' हा शब्द येथे हिशेबतपासणीपेक्षा न्यायनिवाड्याच्या अर्थाने वापरला गेला. सामाजिक खर्चाने नफा वाढला की घटला, हा प्रश्न त्या काळी विचारूनही फारसा उपयोग नव्हता. जानेवारी १९९२ मध्ये किंमतनियंत्रण उठेपर्यंत पोलादाच्या प्रमुख प्रकारांच्या किमती बाजारात ठरत नव्हत्या. ज्या उद्योगाच्या मालाचा भावच नियंत्रित, त्याच्या नफ्यावरून कामगार-कल्याणाचे आर्थिक फळ मोजणे अशक्यप्राय होते.

कंपनी कायद्याच्या फेरविचारासाठी नेमलेल्या न्यायमूर्ती राजिंदर सच्चर समितीने १९७८ मध्ये कंपन्यांनी सामाजिक अहवाल द्यावा अशी शिफारस केली होती. सार्वजनिक क्षेत्रातील सिमेंट कॉर्पोरेशन ऑफ इंडियासारख्या काही उपक्रमांनी सामाजिक ताळेबंद छापलेही. परंतु शिफारशीचे कायद्यात रूपांतर झाले नाही.

नमुना 'अ' आणि फॉर्म-५

कायदा आला तो वेगळ्याच वाटेने. कंपनी कायदा १९५६ मध्ये १९८८ साली दुरुस्ती होऊन कलम २१७ मध्ये एक नवे उपकलम आले आणि संचालक मंडळाच्या अहवालात ऊर्जा बचतीचा तपशील देणे बंधनकारक झाले. त्यामागे पर्यावरणाचा कळवळा होता असे म्हणण्यापेक्षा इंधन आणि परकीय चलन यांची चिंता होती असे म्हणणे अधिक रास्त ठरेल. याच वर्षीच्या नियमांना जोडलेला नमुना 'अ' हा या लेखाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा दस्तऐवज आहे. निर्दिष्ट उद्योगांतील कंपन्यांना त्यात खरेदी केलेल्या विजेचे युनिट, त्यासाठी दिलेली रक्कम आणि प्रति युनिट दर असे आकडे द्यावे लागत. कोळसा व भट्टीचे तेल यांचेही परिमाण आणि मूल्य नोंदवावे लागे. त्याखाली उत्पादनाच्या प्रत्येक एककामागे किती ऊर्जा लागली, हेही दाखवावे लागे. शिवाय हा तक्ता भागधारकांच्या हाती पडणाऱ्या अहवालातच छापला जाई. एका टनामागे किती वीज लागली आणि त्या विजेला काय मोजावे लागले, हे कोणाही भागधारकाला नफा-तोटा पत्रकाशी ताडून पाहता येत होते. कागद रुक्ष होता, छपाई बहुधा बारीक टाइपात असे, आणि किती भागधारक ते पान वाचत असतील याविषयी शंकाच आहे. तरीही शाश्वततेची माहिती आणि आर्थिक कामगिरी यांची सांगड घालण्याचे साधन त्यात तयार होते.

दुसरा कागद भोपाळनंतरचा. डिसेंबर १९८४ मधील त्या दुर्घटनेनंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला आणि त्याखालील नियमांत १९९२ मध्ये पर्यावरणीय लेखापरीक्षण अहवालाची तरतूद झाली. १९९३ मध्ये त्यातील 'लेखापरीक्षण' हा शब्द गळाला आणि तो केवळ 'पर्यावरण विवरण' झाला. ३१ मार्चला संपणाऱ्या वर्षाचे हे विवरण ३० सप्टेंबरपर्यंत राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे सादर करावयाचे होते. त्यासाठीच्या फॉर्म-५ मध्ये पाणी व कच्चा माल यांचा उत्पादनाच्या एककामागील वापर विचारलेला होता. त्याच फॉर्मच्या एका भागात, प्रदूषण रोखण्यासाठी योजलेल्या उपायांचा नैसर्गिक साधनसंपत्तीच्या जतनावर आणि उत्पादन खर्चावर काय परिणाम झाला, असाही प्रश्न होता.

पुढे ज्यासाठी जगभर शेकडो शोधनिबंध लिहिले गेले, तोच हा प्रश्न. येथे तो सरकारी फॉर्मवर एका ओळीत विचारला गेला होता. अडचण एवढीच की उत्तर मंडळाच्या कार्यालयात जात असे, भागधारकाकडे नव्हे. ऊर्जेचा तक्ता कंपनी सचिवाकडे आणि पाणी-प्रदूषणाचा फॉर्म कारखान्यातील पर्यावरण विभागाकडे, अशी विभागणी झाली. एकाच कारखान्याचे हे दोन हिशेब एकमेकांसमोर आले नाहीत. महाराष्ट्रातील सहकारी साखर कारखान्यांच्या बाबतीत ही दरी आणखी रुंद होती. ते सहकारी संस्था अधिनियमाखालचे असल्याने कंपनी कायद्याचा नमुना 'अ' त्यांना लागू नव्हता; फॉर्म-५ मात्र होता. त्यामुळे ऊस उत्पादक सभासदाला वार्षिक सभेत मिळणाऱ्या अहवालात ऊर्जेचा हा तक्ता देण्याचे बंधन कधी आलेच नाही.

परदेशातील संशोधन आणि त्याची मेख

भारतात कागद असा दोन वाटांनी जात असताना अमेरिकेत संशोधकांसमोर उलट अडचण होती. तेथे शेअर बाजाराची आकडेवारी विपुल होती, पण प्रदूषणाची विश्वासार्ह मोजदाद नव्हती. 'कौन्सिल ऑन इकॉनॉमिक प्रायॉरिटीज' या संस्थेने कागद उद्योगातील कंपन्यांच्या प्रदूषणाचे स्वतंत्रपणे मूल्यमापन केले. त्याच्या आधारे ब्रॅगडन आणि मार्लिन यांनी १९७२ मध्ये, प्रदूषण कमी करणाऱ्या कंपन्यांची आर्थिक स्थिती चांगली असल्याचे मांडले. हे मूल्यमापन कंपन्यांनी स्वतःच लिहिलेले नव्हते, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे. इन्ग्रॅम व फ्रेझियर यांनी १९८० मध्ये आणि वाइजमन यांनी १९८२ मध्ये कंपन्यांचे स्वतःचे पर्यावरणविषयक प्रकटीकरण त्यांच्या प्रत्यक्ष कामगिरीशी ताडून पाहिले. तेव्हा दोहोंत म्हणण्यासारखा मेळ आढळला नाही. उलमन यांनी १९८५ मध्ये या सर्व संशोधनाचा आढावा घेऊन सिद्धान्ताच्या शोधात असलेली आकडेवारी, असे त्याचे वर्णन केले.

यानंतर अहवालांचे प्रमाणीकरण सुरू झाले. १९८९ च्या एक्सॉन वाल्डेझ तेलगळतीनंतर अमेरिकेत सेरेस ही संघटना उभी राहिली, तिच्या पुढाकाराने १९९७ मध्ये ग्लोबल रिपोर्टिंग इनिशिएटिव्ह सुरू झाले आणि २००० मध्ये त्याची पहिली मार्गदर्शक तत्त्वे आली. ऑर्लिट्झ्की, श्मिट आणि राइन्स यांनी २००३ मध्ये ५२ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण करून सामाजिक आणि आर्थिक कामगिरीत धन संबंध असल्याचे दाखविले. आपल्याकडील शोधप्रबंधांत हा निष्कर्ष वारंवार उद्धृत होतो. परंतु हा संबंध दोन्ही दिशांनी वाहतो, असेही त्याच लेखकांनी म्हटले होते. सधन कंपनीला समाजकार्य परवडते, हीसुद्धा त्यातील एक दिशा आहे. उद्धृत करताना हा अर्धा भाग बहुधा मागे राहतो.

२०१४ नंतर

भारतात तर ही दिशा कायद्यानेच निश्चित झाली. कंपनी कायदा २०१३ चे कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू झाले आणि ठरावीक आकारापुढील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करणे आवश्यक ठरले. आता नफा हे कारण आणि सामाजिक खर्च हे कार्य, असा क्रम कायद्यात लिहिलेला आहे. असे असताना सामाजिक खर्च आणि नफा यांचा सहसंबंध काढून 'समाजकार्याने नफा वाढतो' असा निष्कर्ष नोंदविणारे प्रकल्प पदव्युत्तर वर्गांत दरवर्षी सादर होतात. त्यात विद्यार्थ्यांचा दोष कमी आणि मार्गदर्शन करणाऱ्या आम्हा शिक्षकांचा अधिक आहे. कायद्याने बांधून दिलेले गुणोत्तरच आपण शोध म्हणून स्वीकारत असतो.

याच कायद्याबरोबर आलेल्या २०१४ च्या लेखा नियमांत नमुना 'अ' नाहीसा झाला. त्याऐवजी ऊर्जा बचतीसाठी कोणती पावले उचलली, पर्यायी स्रोत कोणते वापरले आणि उपकरणांवर किती भांडवली गुंतवणूक केली, याचे वर्णन पुरेसे ठरले. प्रति टन किती वीज आणि तिला किती रुपये, ही संगती तुटली. पंचवीस वर्षांची एक उपयुक्त आकडेवारी-मालिका अशी फारशी वाच्यता न होता थांबली.

दरम्यान सेबीने ऑगस्ट २०१२ मध्ये बाजारमूल्यानुसार पहिल्या १०० कंपन्यांना व्यवसाय उत्तरदायित्व अहवाल सक्तीचा केला होता. मे २०२१ मध्ये त्याची जागा व्यवसाय उत्तरदायित्व आणि शाश्वतता अहवालाने घेतली आणि २०२२–२३ पासून तो पहिल्या १००० कंपन्यांना अनिवार्य झाला. ऊर्जेचा आकडा परत आला, पण यावेळी त्याचा छेद बदललेला होता. टनाऐवजी आता उलाढालीच्या प्रत्येक रुपयामागील ऊर्जा विचारण्यात आली.

हा बदल दिसतो तितका किरकोळ नाही. समजा, एखादा कारखाना वर्षाला १ लाख टन माल तयार करतो आणि त्यासाठी ६० लाख युनिट वीज वापरतो. टनाला ४०,००० रुपये भाव असेल तर उलाढाल ४०० कोटींची होते आणि दर हजार रुपयांमागे दीड युनिट वीज लागते. पुढील वर्षी उत्पादन आणि विजेचा वापर तेवढाच राहिला, पण भाव ५०,००० झाला, तर हजार रुपयांमागील वीज १.२ युनिट होते. एकही यंत्र न बदलता ऊर्जातीव्रता २० टक्क्यांनी घटल्याचे दिसते. त्याच वर्षी भाववाढीमुळे नफाही वाढतो. या दोन आकड्यांचा सहसंबंध काढणाऱ्याला शाश्वतता आणि नफा हातात हात घालून चालताना दिसतात. प्रत्यक्षात दोघांनाही हलविणारा एकच घटक असतो आणि तो म्हणजे भाव. नमुना 'अ' मध्ये ही चूक शिरकाव करू शकत नव्हती, कारण तेथे छेदस्थानी टन होता.

सेबीने जुलै २०२३ मध्ये निवडक नऊ घटकांचा गाभा निश्चित केला, तेव्हा उलाढालीच्या जोडीला भौतिक उत्पादनाचा छेदही नमुन्यात आला. २०२३–२४ पासून पहिल्या १५० कंपन्यांच्या या माहितीला त्रयस्थाकडून खात्री घेणे आवश्यक करण्यात आले आणि पुढील वर्षांत ही संख्या टप्प्याटप्प्याने वाढविण्याचे ठरले. तथापि मार्च २०२५ च्या परिपत्रकाने त्रयस्थ 'खात्री' या शब्दाशेजारी 'मूल्यमापन' हा पर्याय उपलब्ध करून दिला. १९९३ मध्ये पर्यावरणाच्या फॉर्मवरून 'लेखापरीक्षण' हा शब्द उतरविला गेला होता, त्यानंतर बत्तीस वर्षांनी.